कौशल्याबाईंवरचा पहारा

सोमनाथचा कुणावरच विश्वास नव्हता. ही त्याची बदनामी समजू नका, तो स्वतःच हे छाती काढून सांगायचा. बायकोनं, सुनितानं, भाकरीवर जरा जास्त तूप घातलं तरी तो आधी विचारायचा, "कावून? माहेराला जायचंय का?" दुकानदारानं चार दाणे वरून टाकले की त्याला तराजूच खोटा वाटायचा. कुणी हसून रामराम घातला तर हा मागं वळून बघायचा, की मागून येणाऱ्या कुणाला घातला असेल. गाव त्याला हसायचं, पण गावातले एक पुढारी सुंदरराव, त्यांना असाच माणूस हवा होता. एरवी सोमनाथ त्यांचं जेसीबी चालवायचा. निवडणूक आली की मशीन झाडाखाली उभं राहायचं आणि सोमनाथ माणसांवर नजर ठेवायचा.

खोरवाडी हे शिरूर कासार तालुक्यातलं कोरडं गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला निघून जातं आणि मागं राहिलेलं निम्मं गाव राजकारण करतं. या खेपेला सरपंचपद विरोधी गटाच्या भगवानरावांच्या सुनेनं, स्वप्नालीनं, जिंकलं होतं. सुंदररावांना ते फार झोंबलं. पण सदस्य त्यांचे जास्त निवडून आले होते, अगदी सरपंचाचं मत धरूनही त्यांचं पारडं एका मतानं जड होतं. उपसरपंच सदस्यांनीच निवडायचा असतो. तिथं आपला मुलगा राधाकिशन बसवायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. एक मत घसरलं की सगळं मुसळ केरात, हे त्यांना कळत होतं.

म्हणून त्यांनी आपल्या सदस्यांना खंडोबाच्या देवळात बोलावलं. ताटात बेलाची पानं आणि हळदीचा भंडारा. एकेकानं पुढं यायचं, बेलभंडार उचलायचा आणि म्हणायचं, फुटलो तर देव माझं वाटोळं करो. आमच्याकडं निवडणुकीत मतदानयंत्राइतकंच या ताटाला महत्त्व आहे. सुंदररावांचा चुलतभाऊ हनुमान सगळ्यात आधी उठला. उपसरपंचपद आपल्याला मिळेल या आशेवर तो होता, पण राधाकिशनचं नाव ठरल्यावर त्यानं तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. त्यानं मूठभर भंडारा उचलला, कपाळाला फासला आणि एवढ्या मोठ्यानं शपथ घेतली की देवळाबाहेरची कुत्री भुंकायला लागली. बाकीच्यांनीही उचलला. शेवटी राहिल्या कौशल्याबाई साळवे.

कौशल्याबाई ख्रिस्ती. गावात अशी मोजकीच घरं, सगळी वेशीबाहेरच्या वस्तीत. त्या भंडारा उचलणार नाहीत हे सुंदररावांनी धरलंच होतं. माणूस हुशार, त्यांनी बीडहून बायबलची नवीकोरी प्रत मागवून ठेवली होती. ती त्यांनी भंडाऱ्याच्या ताटातच ठेवली आणि म्हणाले, "घ्या कौशल्याबाई. तुमच्या देवाची बी सोय केलीय. ठेवा हात आन् बोला."

बाईंनी पुस्तक उचललं. त्याच्यावर सांडलेली हळद पदरानं हलकेच पुसली आणि ते छातीशी धरलं. सगळ्यांना वाटलं, आता बोलतील.

"आबा, शपथ घेऊ नका म्हून यातच लिवलंय," त्या म्हणाल्या. "मग ह्याच्यावर हात ठिवून शपथ कशी घिऊ?"

दोघं-तिघं फिस्सकन हसले. सुंदरराव हसले नाहीत.

"मंग तुमी मत देनार का न्हाई?"

"देनार. राधाकिशनला देनार. मागल्या दुष्काळात आमच्या वस्तीवर तुमी न मागता टँकर धाडला, तवाच मी ठरवलं व्हतं."

"आवो मग उचलाया काय जातंय तुमचं?"

"हो म्हणलेलं कमी पडतंय म्हून उचलायचं ना?" बाई म्हणाल्या. "माझं कमी पडत न्हाई."

आता हे ऐकून कुणाचं समाधान होणार? बाहेर आल्यावर सुंदररावांनी सोमनाथच्या खांद्यावर हात ठेवला. "बाकीचे देवाला बांधलेत. ही मोकळी हाय. हिच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेव." सोमनाथच्या मनात पाल आधीच चुकचुकली होती. शपथ नको म्हणणारा माणूस पळवाट ठेवूनच बोलत असणार, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती.

आणि बाईंची नस कुठं आहे, हेही त्याला ठाऊक होतं. गावाबाहेर रस्त्याला लागून गायरानाचा एक कोपरा आहे. तिथं लिंबाच्या झाडाखाली ख्रिस्ती घरांतली माणसं पुरलेली आहेत. कौशल्याबाईंचा नवरा शांतवनही तिथंच आहे, डोक्याशी बाभळीच्या लाकडाचा क्रूस. कागदोपत्री ती जागा त्यांची नाही, आणि रस्त्याकडेची म्हटल्यावर सगळ्यांचाच तिच्यावर डोळा. सुंदररावांना तिथं दुकानाचे गाळे काढायचे होते. बाई आपल्या पॅनलमधून निवडून आल्या म्हणून ते थांबले होते, एवढंच. बाईंना म्हातारपणात दुसरं काही नको होतं. शांतवनाच्या अंगावरची माती कुणी हलवू नये आणि आपल्यालाही त्याच्याच शेजारी जागा मिळावी.

शपथविधी झाला की रीतीप्रमाणं सहल. निवडीपर्यंत सदस्य गावात ठेवत नाहीत, फूस लावून नेतील म्हणून दूर कुठंतरी नेऊन ठेवतात. सगळ्यांनी गोवा धरला होता. दोघांनी काळे चष्मे घेतले, योगितानं, म्हणजे सगळ्यात तरुण सदस्यानं, समुद्रात भिजायला वेगळा ड्रेस शिवला. गाडी निघाली आणि मांजरसुंब्याला थांबली. सुंदररावांच्या ओळखीच्या ढाब्यावर वरच्या मजल्याला खोल्या होत्या, तीच सहल. खाली रात्रंदिवस ट्रक, वर डिझेलचा वास. गोव्याचे चष्मे लावून मंडळी गॅलरीत बसून सोलापूरकडं जाणारे कंटेनर बघू लागली.

सोमनाथनं सगळ्यांचे मोबाईल गोळा केले. बाकीच्यांनी कुरकुर केली, हनुमाननं तर "माझ्यावर बी संशय व्हय बे?" म्हणून डोळे वटारले. कौशल्याबाईंनी न मागता काढून दिला. सोमनाथला लगेच वाटलं, इतक्या सहज दिला म्हणजे दुसरा असणार. बाई अंघोळीला गेल्यावर त्यानं योगिताला त्यांची पिशवी बघायला लावली. निघालं काय? दोन लुगडी, बामाची बाटली, कापडात गुंडाळलेलं त्यांचं शास्त्र, म्हणजे बायबल, आणि फोडलेला बिस्किटांचा पुडा.

संध्याकाळी मटण आलं. ते बाईंनी पोटभर खाल्लं, रस्सा मागून घेतला. पुरुषांच्या खोलीत बाटल्या गेल्या. बायकांना साड्या वाटल्या. बाईंच्या वाट्याला मोरपंखी आली, काठ असा की योगिताचे डोळेच दिपले. बाईंनी ती मांडीवर घेतली, काठावरून बोट फिरवलं, आणि सोमनाथला विचारलं, "ही मतासाठी हाय का?"

"तसंच समजा, मावशी."

"मंग ने माघारी. मताला तर मी हो म्हणलंच हाय."

"घ्या वो मावशी," योगिता म्हणाली, "कोन बघायलंय हितं?"

त्यावर बाई नुसत्या हसल्या. सोमनाथनं साडी परत नेली, पण त्याला ते हसू आवडलं नाही. मटण चालतं आणि साडी चालत नाही, हा कुठला हिशेब? त्यानं मनात पक्कं केलं, तिकडून याहून भारी काहीतरी कबूल झालं असणार.

मग त्यानं बोलण्यात पकडायचं ठरवलं. सकाळी गॅलरीत चहा घेऊन तो त्यांच्याशेजारी जाऊन बसायचा आणि सहज विचारल्यासारखं विचारायचा. बाई सगळं सांगायच्या, हीच त्याची पंचाईत झाली. लपवणाऱ्याला पकडता येतं.

शांतवन आणि त्या, दोघांचा एक कोयता, म्हणजे तोडणीला नवरा-बायकोची जोडी. लग्न झाल्यापासून दर साल ऊसतोड. शांतवन अंगानं दांडगा, मोळी उचलण्यात टोळीत पहिला आणि पिण्यातही पहिला. पिऊन आला की तळावरची पाचटाची झोपडी, कोपी, दणाणायची. एका साली कारखान्यावरच्या तळावर कुणी ख्रिस्ती माणसं संध्याकाळी टाळ-ढोलकी घेऊन गाणी म्हणायला आली. शांतवन त्यांची टिंगल करायला गेला आणि गुमान परत आला. पुढच्या दिवशीही गेला. हळूहळू त्याची दारू सुटायला लागली.

"टोळी लई दिवस त्याच्या मागं लागलती," बाई सांगत होत्या. "काय दिलं बे तुला त्यांनी, म्हनायची. कुनी म्हनलं गोळी दिली, कुनी म्हनलं धान्य दिलं. मुद्दाम त्याच्या म्होरं बाटली ठिवायची. दोनदा घसरला बी. घसरला की रडायचा, गुडघ्यावर बसायचा, परत उठायचा."

"आन् तुमी?"

"मी तर तुझ्यावानीच व्हते, सोमनाथ," बाई म्हणाल्या, आणि सोमनाथला चहा कडू लागला. "रोज सांजच्याला आला की मी आधी त्याचं तोंड हुंगायची. माझा न्हाई इश्वास. नवऱ्याचा बी न्हाई, त्याच्या देवाचा बी न्हाई. लई दिवस हुंगलं."

"मंग थांबलात कवा?"

बाईंनी जरा आठवून बघितलं. "एक दिस हुंगायचं इसरले," त्या म्हणाल्या. "त्याच्या बाद मी बी त्याच्यासंगं प्रार्थनेला जायाला लागले."

सोमनाथनं कप उचलला आणि खाली गेला. गोष्ट चांगली होती, पण चांगल्या गोष्टी सांगणाऱ्यांपासून तर जास्तच जपून राहावं, असं त्याचं मत होतं.

रविवारी बाईंनी बीडला प्रार्थनेला जायचं म्हटलं. सुंदरराव फोनवर भडकले, मग म्हणाले, सोबत जा आणि सावलीसारखा राहा. बाकीच्यांकडं कोण बघणार, असं सोमनाथनं विचारलंही. "त्यांनी भंडारा उचललाय," सुंदरराव म्हणाले. जीप निघाली तेव्हा हनुमान ढाब्याच्या दारात उभा राहून हात हलवत होता. सोमनाथला तेव्हा त्यात काही दिसलं नाही. त्याचा सगळा संशय मागच्या सीटवर, डोक्यावर पदर घेऊन बसला होता.

बीडला सोमनाथ शेवटच्या बाकावर बसला. गाणी झाली, उपदेश झाला. बाईंना कोण चिठ्ठी देतंय, कोण खुणावतंय, तो मान उंच करकरून बघत राहिला. कुणी दिली नाही. सगळे बाहेर पडले, आणि फाटकाजवळच्या गुलमोहराखाली खुद्द भगवानराव उभे. पांढरेशुभ्र कपडे, हात जोडलेले. बाईंना बाजूला घेऊन ते हळू आवाजात बोलू लागले. सोमनाथ पळत पोचेपर्यंत त्यांचं बोलून झालं होतं. बाईंचा चेहरा उतरला होता.

"काय म्हनला?" सोमनाथनं जीपमध्ये विचारलं.

"बोलले कायतरी," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी पुढचं काही सांगितलं नाही.

सापडली, सोमनाथला वाटलं. अखेर सापडली. त्याला खरं तर आनंद व्हायला हवा होता.

दुपारी ढाब्यावर सगळे जेवून आडवे झाले तेव्हा बाई हळूच जिना उतरल्या आणि मागच्या बाजूला गेल्या. तिथं पाण्याची सिमेंटची टाकी आहे, तिच्या आडोशाला कुणी सहसा जात नाही. सोमनाथ चप्पल काढून अनवाणी मागं गेला. टाकीच्या अलीकडं थांबला. पलीकडून बाईंचा आवाज येत होता, कुणाशी तरी हळू बोलत होत्या. दुसरा फोन!

"...मला लई मोह व्हायलाय, बापा," बाई म्हणत होत्या. "तुझ्याम्होरं कशाला खोटं बोलू? त्या साडीचा बी झालता. मोरपंखी व्हती. ती सुटली माझ्याच्यानं. पर ह्ये सुटंना. भगवानराव म्हनतो, मत दे, पयल्याच बैठकीत ठराव घेतो, जागा तुमच्या मानसांच्या नावानं करतो, भवती भिंत घालून देतो. शांतवनाच्या डोक्याशी भिंत, बापा. कुनाचं मशीन येनार न्हाई. मी काय म्हनू? मत चिठ्ठीवर मागनार म्हनं, कुनाला दिसनार बी न्हाई. मनात येतंय, देऊन टाकावं. सकाळधरनं तेच येतंय."

मग नुसते हुंदके आले. सोमनाथचा पाय अवघडला, पण तो हलला नाही.

"पर मी हो म्हणलंय," आवाज परत आला, आता जरा सावकाश. "सुंदरराव कसा का मानूस असंना, हो मी म्हणलंय. माझं हो गेलं तर मंग माझ्यापाशी काय ऱ्हायलं? शांतवनाला तू सोडवलंस, तो घसरला तर उठवलंस. मला घसरू देऊ नगंस. घट धर मला. जागेचं तू बघ, मी न्हाई इकून घेत ती. आमेन."

बाई डोळे पुसत वळल्या आणि समोर सोमनाथ. हातात फोन नव्हता, काहीच नव्हतं. दोघंही ओशाळले. बाई म्हणाल्या, "पायात काटा मोडंल. चप्पल घाल," आणि जिन्याकडं गेल्या.

त्या संध्याकाळी सुंदररावांचा फोन आला. सोमनाथनं सांगितलं की भगवानराव भेटले होते आणि पुरायच्या जागेचा ठराव करून देतो म्हणाले. इथवर सांगून तो थांबला. पुढचं त्याच्या जिभेवर आलं होतं, पण एक बाई टाकीमागं देवापाशी रडत होती आणि मी चोरून ऐकत होतो, हे बाप्या माणसानं बाप्या माणसाला कसं सांगायचं? आणि शिवाय, कोण जाणे, आपण मागं आहोत हे ओळखूनच ती तसं बोलली असेल. सवय कुठं एका दुपारीत जाते?

"मंग गेली ती," सुंदरराव पलीकडून म्हणाले आणि फोन ठेवला.

निवडीच्या दिवशी भगवानरावांच्या एका सदस्यानं गुप्त मतदान मागितलं. चिठ्ठ्या पडल्या, मोजल्या, आणि राधाकिशन एका मतानं पडला. बाहेर भगवानरावांच्या माणसांनी गुलाल उधळायला सुरुवात केली. सुंदररावांच्या बाजूला कुणी कुणाकडं बघितलं नाही. सगळ्यांनी फक्त कौशल्याबाईंकडं बघितलं.

दुपारी सुंदररावांच्या नव्या बंगल्याच्या ओट्यावर सगळे जमले. तेच ताट मांडलेलं, बेल, भंडारा आणि बीडहून आणलेलं ते पुस्तक. एकेकानं परत भंडारा उचलून सांगितलं, मी फुटलो नाही. हनुमाननं पहिल्यापेक्षा मोठ्यानं सांगितलं आणि खाली बसताना डोळ्यांतून पाणीसुद्धा काढलं. सुंदरराव खुर्चीत काळेठिक्कर पडून बसले होते.

"कौशल्याबाई," ते म्हणाले, "भगवान तुमाला बीडात भेटला. जागेचं बोलला. माझ्या मानसानं सांगितलंय. खोटं हाय का?"

बाईंनी सोमनाथकडं एकदा बघितलं. "खरं हाय."

"मंग?"

"मी मत राधाकिशनलाच दिलं."

"हात ठेवा पुस्तकावर आन् म्हना. मी आत्ता इश्वास ठेवतो. न्हाईतर उद्या सकाळी मशीन त्या लिंबाखाली. गायरान हाय ते, कुनाच्या बापाचं न्हाई."

चार शब्द बोलायचे होते, आणि तेही खरेच. सोमनाथला वाटलं, बोला मावशी, आता तरी बोला, काय जातंय तुमचं. बाईंचे डोळे भरले होते. त्यांनी पुस्तकाकडं बघितलं, मग हात पदराखाली घेतले.

"मी सांगितलं, आबा," त्या म्हणाल्या. "शपथ घेतली तर माझं पयलं बोलनं लटकं व्हतं, असं व्हईल. मी पयलंच खरं बोलले. शांतवनाला बी ह्येच आवडंल." एवढं म्हणताना त्यांचा आवाज फाटला आणि त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

"झालं," सुंदरराव म्हणाले. "सोमनाथ, सकाळी मशीन काढ."

सोमनाथ पुढं आला. काय करायचं ते त्यानं ठरवलेलं नव्हतं. त्यानं ताटातला भंडारा मुठीत घेतला. "आबा, मी उचलतो. ह्या बाईनं मत राधाकिशनलाच दिलंय."

"तू चिठ्ठी बघितली?"

"न्हाई."

"मंग कसा उचलतो बे भंडारा?"

आयुष्यात न बघितलेल्या कशाचीही हमी त्यानं घेतली नव्हती. मागून बाईंचा आवाज आला, "माझ्यासाठी शपथ घिऊ नगंस बाबा. नुसतं सांग."

त्यानं मूठ ताटात रिकामी केली. पिवळा झालेला हात तसाच धरून त्यानं सांगितलं. टाकीमागचं सगळं सांगितलं, चपला काढून चोरून ऐकलं तेही, साडीचा मोहही आणि ठरावाचा मोहही. "मी तुमाला अर्धंच सांगितलतं, आबा. ती तिच्या देवाला म्हनत व्हती, मला घसरू देऊ नगंस. ह्ये मी सांगितलं न्हाई, त्यो माझा गुन्हा." मग त्यानं खिशातून जेसीबीची चावी काढली आणि ताटात ठेवली. "त्या कोपऱ्यात माझ्याच्यानं मशीन जानार न्हाई."

सुंदररावांनी त्याला खालवर न्याहाळलं. ही नजर सोमनाथ चांगली ओळखत होता, ती त्याचीच होती.

"काय दिलं बे तिनं तुला?" ते म्हणाले.

सोमनाथनं खरंच आठवून बघितलं. गॅलरीत बसून त्यानं ऐकलेल्या चार गोष्टी आणि चप्पल घाल म्हणून एक बोलणं. "कायच न्हाई," तो म्हणाला, आणि त्याच्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही.

पुढं गावाला कळायचं ते कळलंच. भगवानरावांनी जागेचा ठराव काही केला नाही, करायचं कारणच नव्हतं. हनुमानच्या पोराला मात्र पाण्याच्या टाकीचं काम मिळालं, आणि ज्या रविवारी सोमनाथ बीडच्या बाकावर मान उंच करून बसला होता त्याच रविवारी ढाब्यामागं भगवानरावांच्या माणसांची गाडी येऊन गेली, तेही हळूहळू बाहेर आलं. सुंदररावांनी दुसरे दोन ड्रायव्हर आणले. दोघंही लिंबाखालचे क्रूस बघून, मढी उकरायचं काम आमचं नाही म्हणत, माघारी गेले. सोमनाथ आता दुसऱ्याचं मशीन चालवतो, आणि तो कोपरा अजून तसाच आहे, कागदोपत्री कुणाचाच नाही.

पण त्या दिवशी यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं. काम गेलं होतं, सुनिताला काय सांगायचं ते सुचत नव्हतं, आणि ओट्यावरून उतरून तो घराकडं न जाता वस्तीकडं गेला. कौशल्याबाई चुलीपुढं होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, पाट सरकवला आणि चहा टाकला.

सोमनाथ बसला. एक प्रश्न त्याच्या घशाशी आला होता. चिठ्ठी त्यानं बघितली नव्हती. टाकीमागं बाई रडल्या तेव्हा आणि मत देताना, या दोहोंच्या मधे काय झालं असेल, कुणी सांगावं? मोह तर होताच, त्या स्वतःच म्हणत होत्या. एकदा विचारून घ्यावं, आता तर दोघंच आहोत. मावशी, खरंच दिलं ना?

बाईंनी कप त्याच्या पुढं ठेवला. त्याचा पिवळा हात बघून पाण्याचा तांब्याही ठेवला. सोमनाथनं हात धुतला, चहा प्याला, आणि चहा चांगला झालाय म्हणाला. घरी पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं, विचारायचं राहूनच गेलं.